लीड्स युनायटेड, सप्टेंबर २०२४: ट्रान्सफर विंडो बंद झाली, आता खरं सांगा, यंदा टॉप टू जमेल का परत प्ले-ऑफचं दुखणं?

चहाटळ_विंगर

प्लेयर घ्यायची-विकायची विंडो एकदाची बंद झाली. बर्नलीची मॅच थेट १४ सप्टेंबरला, तोपर्यंत इंटरनॅशनल ब्रेक, म्हणजे नुसतं डोकं खाजवत बसायचं, म्हणून हा धागा काढतोय.

प्रश्न साधा आहे. चॅम्पियनशिपमधून, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या लीगमधून, पहिले दोन सरळ प्रीमियर लीगमध्ये जातात, बाकीच्यांना प्ले-ऑफ. मे महिन्यात वेम्बलीला प्ले-ऑफ फायनलमध्ये साउथॅम्प्टनशी हरलेली आपली टीम आणि आजची टीम, यातली चांगली कुठली? मला खरंच ठरवता येत नाहीये. आर्ची ग्रे स्पर्सला (टॉटनहॅमला) गेला, समरव्हिल वेस्ट हॅमला, आणि हे दोन घाव पचवतोय तोवर सीझनच्या दोन मॅच झाल्यावर ब्रायटननं रुटरचा रिलीज क्लॉज (करारात लिहिलेली रक्कम, ती दिली की सोडावंच लागतं) भरला आणि तोही गेला. समरव्हिल चॅम्पियनशिपचा प्लेयर ऑफ द सीझन होता राव, लीगमध्ये १९ गोल, आणि जो गोल तो मारत नव्हता त्याच्या आधीचा पास बहुतेक रुटरचा असायचा. ग्रे तर अठरा वर्षांचा घरचा पोरगा, आजोबा फ्रँक ग्रे, चुलत आजोबा एडी ग्रे, सगळं खानदान या क्लबचं, तोसुद्धा विकला.

बदल्यात आले कोण तर जो रोडन (लोनचा, म्हणजे उसना घेतलेला, आता कायमचा झाला, हे बेस्ट झालं), शेफील्ड युनायटेडचा जेडन बोगल राइट बॅकला, बोर्नमथकडून जो रॉथवेल लोनवर, अल्मेरियाचा लार्जी रामाझानी, स्पर्सकडून मानोर सोलोमन लोनवर, आणि शेवटच्या दिवशी धावतपळत आओ तनाका आणि आयझॅक श्मिट. नावं वाचायला बरी वाटतात पण यातल्या कुणाकडे बघून समोरचा डिफेंडर घाबरेल असं मला तरी वाटत नाही.

चार मॅचमध्ये ८ पॉइंट. पोर्ट्समथशी ३-३ (आरनसननं इंज्युरी टाइममध्ये वाचवलं), वेस्ट ब्रॉमशी ०-०, मग शेफील्ड वेन्सडे आणि हल दोघांना २-०. वाईट नाही, पण मधे लीग कपमध्ये बरोनं (मिडल्सब्रोनं) आपल्या घरच्या मैदानावर तीन मारले तेही विसरता येत नाही. तुमचं काय मत? टॉप टू का प्ले-ऑफ का त्याहून खाली?

ताळेबंद_तात्या

विंगर, विकले म्हणून रडतोयस ते ठीक, पण का विकले ते आधी बघ मग रड.

आपण वर गेलो नाही. वर गेलो नाही म्हणजे प्रीमियर लीगचे टीव्हीचे पैसे नाहीत, फक्त पॅराशूट, म्हणजे खाली आलेल्या क्लबला काही वर्षं मिळणारा त्या पैशांचा हिस्सा. पॅराशूट पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. यंदा आपलं दुसरं वर्ष. खर्च मात्र बराचसा प्रीमियर लीगच्या काळातला, त्या वेळी घेतलेल्या प्लेयर्सचे करार अजून चालू आहेत, पगार चालू आहेत.

शिवाय नियम असा की तीन वर्षांचा मिळून तोटा ठरावीक मर्यादेत ठेवायचा. प्रीमियर लीगमधलं एक वर्ष असेल तर त्याचे ३५ मिलियन पौंड धरतात, चॅम्पियनशिपच्या वर्षाचे १३ मिलियन. गेल्या सीझनपर्यंतच्या तीन वर्षांत आपली दोन वर्षं वरची होती, म्हणजे ३५ अधिक ३५ अधिक १३, एकूण ८३. यंदाच्या हिशोबात वरचं एकच वर्ष उरलं, म्हणजे मर्यादा ६१. पुढच्या वर्षी इथेच राहिलो तर ३९. एका वर्षात २२ मिलियननं गळफास आवळला, पुढच्या वर्षी अजून तेवढाच आवळणार. अकादमी, विमेन्स टीम, स्टेडियमवरचा खर्च यातून वगळतात हे खरं, पण पगार वगळत नाहीत ना.

आता कुणाला विकलं तर किती फायदा दिसतो ते बघ, इथे खरी गंमत आहे. ग्रे अकादमीचा, विकत घेतलेलाच नाही, म्हणजे वहीत त्याची किंमत शून्य, जेवढे आले तेवढा सगळा नफा. समरव्हिल २०२० ला फेयेनूर्डकडून अगदी किरकोळ रकमेत आला होता, तोही जवळजवळ पूर्ण नफा. रुटरचं उलटं, जानेवारी २०२३ ला होफनहाइमकडून आला तेव्हा क्लबचा रेकॉर्ड होता, साडेपाच वर्षांचा करार, त्यातलं दीडच वर्ष झालेलं, म्हणजे वहीत त्याची अजून बरीच किंमत बाकी होती, ती वजा केली की ४० मिलियनमधून नफा तेवढासा उरत नाही. म्हणून मला वाटतं रुटर विकायचा प्लॅन नव्हताच. क्लॉज होता, समोरच्यानं भरला, प्लेयर हो म्हणाला, विषय संपला. त्यावरून बोर्डाला शिव्या घालायच्या तर क्लॉज लिहिला त्या दिवसाबद्दल घाला, आणि त्या दिवशी बोर्ड वेगळं होतं.

खरेदीचा हिशोब पण असाच. रोडनचे १० मिलियन चार वर्षांत वाटले तर वर्षाला अडीच. विकताना सगळे पैसे एका वर्षात दिसतात, घेताना वाटून दिसतात. त्यामुळे शंभर मिलियन आले आणि तीसच खर्च केले, बाकीचे कुठे गेले, असं जे सगळीकडे ओरडतायत त्यांना माझा नमस्कार.

एलँडरोडचा_वारकरी

तात्या नेहमीप्रमाणे वही घेऊन आले. तुमचा हिशोब बरोबर असेल हो, पण तात्या, गोल वहीत होत नाहीत.

मी या क्लबला १९८७ पासून ओळखतो. तेव्हा चार्लटनशी प्ले-ऑफ फायनल, दोन लेगनंतरही (एक मॅच घरी, एक त्यांच्याकडे) बरोबरी, तिसरी मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली, शेरिडननं फ्री किकवर आपल्याला पुढे नेलं आणि शर्टलिफनं शेवटी शेवटी दोन मारले. २००६ ला कार्डिफमध्ये वॉटफर्डकडून ३-०. २००८ ला लीग वनच्या, म्हणजे तिसऱ्या लीगच्या, फायनलला डॉन्कास्टर. २००९ ला सेमीला मिलवॉल. २०१९ ला डर्बी, पहिला लेग त्यांच्या घरी १-० जिंकून आलो आणि आपल्या घरी ४-२ हरलो. आणि आता साउथॅम्प्टन. सहा वेळा गेलो, सहा वेळा तसेच परत आलो. प्ले-ऑफमधून आपण कधीही वर गेलेलो नाही, कधीही. त्यामुळे तिसरा नंबर आणि सहावा नंबर माझ्यासाठी सारखेच, टॉप टू नाही म्हणजे सीझन गेला.

आणि हो, तो २०१९ चा डर्बीचा राइट बॅक कोण होता माहितीय? बोगल. तोच आपण घेतला. देवाला विनोदबुद्धी आहे.

आता मुद्द्याचं. वर जायचं असतं तेव्हा कुणाला घ्यायचं हे आपल्या जुन्या मॅनेजर विल्किन्सनला कळत होतं. १९८९ मध्ये त्यानं स्ट्रॅकनला मँचेस्टर युनायटेडकडून तीन लाख पौंडात आणला, लोक म्हणाले संपलेला माणूस, बत्तीस वर्षांचा. १९९० ला दुसऱ्या डिव्हिजनचे चॅम्पियन, १९९२ ला अख्ख्या इंग्लंडचे चॅम्पियन, प्रीमियर लीग सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं टायटल. ड्रेसिंग रूममध्ये तसा एक माणूस लागतो, जो बाकीच्यांना सांगतो की बाबांनो आता हरायचं नाही. कूपर गेला, एलिंग तर जानेवारीतच बरोला गेला, डलासनं दुखापतीमुळे खेळणं सोडलं. कोच बिएल्साच्या २०२० ला वर गेलेल्या टीममधलं आता उरलंय कोण? मेस्लिए आणि स्ट्राइक तेव्हा नवखी पोरं होती, ते सोडले तर बॅमफर्ड, आणि तो फिट असेल तेव्हा. नवीन आलेल्यांत असा माणूस मला तरी दिसत नाही.

सेकंडबॉल

वारकरी काका, स्ट्रॅकन रोज रोज मिळत नाही हो. अँपाडू आहे की कॅप्टन, २३ वर्षांचा असला तरी तोच बोलतो मैदानावर.

मी जरा खेळाचं बोलतो, कारण वरच्या दोन्ही पोस्टमध्ये कोण कुठे खेळणार हे कुणीच बोललं नाही.

गेल्या सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात आपला सेंटर बॅक पास्कल स्ट्राइक जखमी होता म्हणून अँपाडू मागे सेंटर बॅकला रोडनबरोबर खेळला आणि ग्रे बऱ्याचदा राइट बॅकला. म्हणजे दोन मिडफिल्डर डिफेन्समध्ये अडकले होते. आता स्ट्राइक परत आलाय, बोगल हा खराखुरा राइट बॅक आहे जो वर चढून बॉक्समध्ये घुसतो, म्हणून अँपाडू परत त्याच्या जागेवर ग्रुएव्हच्या शेजारी. एवढ्या एका बदलानं मागची बाजू गेल्या वर्षीपेक्षा मजबूत झाली असं माझं मत आहे. शेवटच्या दोन मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही, वेस्ट ब्रॉमलाही नाही. पोर्ट्समथचे तीन सोडले तर लीगमध्ये डिफेन्स मस्त.

प्रॉब्लेम पुढे आहे, आणि तो समरव्हिलचा नाही. विंगर आपल्याकडे आता ढीगभर आहेत, न्योंटो, डॅन जेम्स, सोलोमन, रामाझानी. सोलोमन फुलहमला लोनवर होता तेव्हा सलग पाच मॅचमध्ये गोल मारले होते त्यानं, नंतर स्पर्सला गुडघा गेला म्हणून लोक विसरले. फिट राहिला तर या लेव्हलला तो फार वरचा प्लेयर आहे. समरव्हिलचे १९ गोल एकटा कुणी भरून काढणार नाही पण चौघं मिळून काढू शकतात.

खरं भोक नंबर दहाला आहे, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळून चान्स तयार करणाऱ्याच्या जागी. रुटर पाठीवर माणूस घेऊन बॉल घ्यायचा, वळायचा, आणि समोरची अख्खी लाइन मोडायचा. लो ब्लॉक लावून, म्हणजे सगळे मागे गोलसमोर गर्दी करून, बसणाऱ्या टीमसमोर, आणि आपल्या मैदानावर एलँड रोडला येणाऱ्या निम्म्याहून जास्त टीम तशाच बसतात, तेच लागतं. त्याच्या जागी आता आरनसन. आरनसन पळतो भरपूर, प्रेस जबरदस्त करतो (समोरच्याच्या अंगावर जाऊन बॉल हिसकावतो), पण बंद दरवाजा उघडायचं काम त्याचं नाही. स्ट्रायकर पिरोला तिथे खेळवून बघितलंय गेल्या वर्षी, त्याचं ते काम नाही, त्याला बॉक्समध्ये बॉल द्या आणि विसरा. मग राहिलं कोण? कुणी नाही. पूर्ण विंडोमध्ये एक क्रिएटिव्ह दहा नंबर घ्यायला पाहिजे होता आणि तो घेतला नाही, माझी तक्रार एवढीच. बाकी विंडोला मी दहापैकी सात देईन.

मेस्लिए_नको

गोलकीपर. गोलकीपर. गोलकीपर. कुणी बोलतच नाही. पूर्ण पैसे तिथे लावायला पाहिजे होते. मेस्लिएला बसवा, डार्लोला खेळवा. धन्यवाद.

सेकंडबॉल

आला हा. भावा, दर धाग्यात तीच पोस्ट.

मेस्लिए_नको

दर सीझनला तोच गोलकीपर आहे म्हणून तीच पोस्ट. गेल्या तीन मॅच क्लीन शीट आहेत, एकही गोल खाल्लेला नाही, हे मला पण दिसतंय, पण मोठ्या मॅचला हा माणूस काय करतो ते एप्रिलमध्ये परत बोलू. हा धागा सेव्ह करून ठेवतोय.

नवीन_पांढरा

मी नवीन आहे, गेल्या वर्षीपासूनच बघायला लागलो त्यामुळे बेसिक प्रश्न विचारतो, हसू नका. गेल्या वर्षी आपल्याला ९० पॉइंट होते ना? मग ९० पॉइंट घेऊनही टॉप टू कसं नाही आलं, आणि यंदा नक्की किती लागतील? आणि साउथॅम्प्टन तर आपल्या खाली होते ना टेबलमध्ये, मग ते कसे वर गेले?

चहाटळ_विंगर

हसत नाही रे, हा प्रश्न आम्ही सगळे मे महिन्यापासून स्वतःलाच विचारतोय.

२४ टीम, प्रत्येकी ४६ मॅच. पहिले दोन सरळ वर. तीन ते सहा नंबरचे चौघं प्ले-ऑफ खेळतात, दोन सेमी दोन-दोन लेगच्या आणि मग वेम्बलीला एक फायनल. तिथे टेबलमधल्या पॉइंटचा काही उपयोग नाही, आपण तिसरे होतो आणि साउथॅम्प्टन चौथे, ८७ पॉइंट, तरी पहिल्या हाफमध्ये अ‍ॅडम आर्मस्ट्राँगनं एक मारला आणि ते वर, आपण इथेच. सेमीला आपण नॉर्विचला ४-० धुतलं होतं, आणि त्यानंतर फायनलला अख्खी टीम झोपलेली.

९० का पुरले नाहीत तर लेस्टर ९७ आणि इप्सविच ९६. इप्सविच लीग वनमधून नुकतेच आलेले, त्यांनी असा सीझन काढला की बोलायची सोय नाही. अर्थात आपणही शेवटच्या चारपैकी तीन हरलो, त्यात क्यूपीआरला ४-०, ते विसरून चालणार नाही.

ताळेबंद_तात्या

नवीन_पांढरा, तुझ्या "किती लागतील" चं उत्तर देतो. गेल्या काही वर्षांत दुसऱ्या नंबरला किती पॉइंट होते बघ. २०१७-१८ ला कार्डिफ ९०. २०१८-१९ ला शेफील्ड युनायटेड ८९. २०१९-२० ला वेस्ट ब्रॉम ८३. २०२०-२१ ला वॉटफर्ड ९१. २०२१-२२ ला बोर्नमथ ८८. २०२२-२३ ला शेफील्ड युनायटेड ९१. आणि मग एकदम गेल्या वर्षी ९६. म्हणजे गेल्या वर्षीचं सोडलं तर ९० ला बहुतेक वेळा काम होतं. आपली टीम ९० ची होती, वर्ष चुकीचं निघालं. यंदा ९२ धरून चाला, सेफ.

४६ मॅचमध्ये ९२ म्हणजे मॅचला बरोबर दोन. आज चार मॅचला ८. बरोबर रुळावर.

एलँडरोडचा_वारकरी

रुळावर! अहो रुळावर गाडी ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच असते. संडरलँड चारपैकी चार जिंकून बसलेत, त्यांचं बघा.

सेकंडबॉल

संडरलँड टिकतील असं मला वाटत नाही, पोरं फार लहान आहेत, पण त्यांचा तो ले ब्री चांगला कोच दिसतोय, बघू.

बाकीच्यांचं बघायचं तर वरून खाली आलेले तिघंही आपल्यासारखेच फाटलेले आहेत. बर्नलीचा कोच कोंपनी बायर्नला गेला, बर्गे, ओडोबेर, ओशे विकले, आता कोच पार्कर आहे, आणि पार्करला प्रमोशन कसं घ्यायचं ते माहिती आहे, फुलहम आणि बोर्नमथ दोन्हीला नेलंय त्यानं. शेफील्ड युनायटेडची सुरुवातच उणे दोन पॉइंटनं. ल्यूटन अजून एकही मॅच जिंकलेले नाहीत. म्हणजे यंदा लेस्टर-इप्सविचसारखे दोघं पळून जातील असं दिसत नाही, माझ्या मते बर्नली हाच खरा स्पर्धक. म्हणून चौदा तारखेची मॅच सहा पॉइंटची समजा.

आणि आपल्या कोचबद्दल, फार्कबद्दल, कुणीच बोलत नाहीये. नॉर्विचला दोन वेळा चॅम्पियनशिप जिंकून दिली, २०१८-१९ ला ९४ पॉइंट आणि २०२०-२१ ला ९७. या लीगमध्ये त्याच्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही.

एलँडरोडचा_वारकरी

आणि दोन्ही वेळा वर गेल्यावर काय झालं तेही सांग की. पहिल्यांदा तळाला जाऊन खाली, दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्येच हकालपट्टी.

सेकंडबॉल

काका, आधी वर तर जाऊ द्या! वर गेल्यावर काय होईल याची काळजी खाली बसून कशाला? आणि २०२३ ला वर गेलेले बर्नली, शेफील्ड युनायटेड, ल्यूटन तिघंच्या तिघं एका वर्षात परत खाली आले, म्हणजे तो फार्कचा एकट्याचा प्रॉब्लेम नाही, दोन लीगमधली दरीच तेवढी वाढलीय. तरी जायचं, कारण एक वर्ष वर राहिलं तरी तात्यांची वही सुधारते.

ताळेबंद_तात्या

सुधारते म्हणजे काय, बदलूनच जाते.

राइट_हाफस्पेस

उशिरा आले धाग्यावर. तनाकाबद्दल सगळे एका ओळीत बोलून मोकळे झालात म्हणून मुद्दाम लिहितेय.

मी जपानच्या मॅचेस फॉलो करते त्यामुळे याला बरीच वर्षं बघतेय. २०२२ च्या वर्ल्ड कपला स्पेनविरुद्धचा तो विनिंग गोल, ज्यात मितोमानं बॉल लाइनवरून मिलिमीटरनं वाचवून परत आत दिला, तो मारणारा तनाकाच. तो बॉक्समध्ये उशिरा पोचतो आणि नेमका पोचतो, ही त्याची खासियत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉल मागून पुढे न्यायची जी पद्धत आहे ना, एक टच, मान वर, दुसऱ्या टचला लाइन तोडणारा पास, ती आपल्याकडे ग्रे आणि कमारा गेल्यापासून कुणाकडेच नाही. ग्रुएव्ह नीटनेटका आहे पण आडवा खेळतो. अँपाडू बॉल हिसकावतो. रॉथवेलचं पासिंग छान आहे पण नव्वद मिनिटं पळणारा वाटत नाही मला. (तो गेल्या वर्षीच्या उत्तरार्धात साउथॅम्प्टनकडेच लोनवर होता, म्हणजे प्रमोशनवाला माणूस आहे, वारकरी काकांनी नोंद घ्यावी.)

सेकंडबॉलचा दहा नंबरचा मुद्दा बरोबर आहे पण माझं म्हणणं वेगळं आहे. रुटरचं अर्धं काम, म्हणजे बॉल मिडफिल्डमधून पुढे नेणं, ते तनाका मागून करू शकतो. मग दहा नंबरला फक्त प्रेस करणारा आणि पळणारा आरनसन असला तरी चालतं. डसेलडॉर्फकडून साडेतीन मिलियनच्या आसपास मिळाला म्हणतात, या किमतीत वर्ल्ड कप खेळलेला मिडफिल्डर कुठे मिळतो सांगा.

आणि याच माणसाची टीम मे महिन्यात बोखुमविरुद्ध पहिला लेग त्यांच्या घरी ३-० जिंकून आली, आपल्या घरी ३-० हरली आणि पेनल्टीवर बुंडेसलीगा हुकली. लीड्सला अगदी शोभेल असा प्लेयर घेतलाय.

एलँडरोडचा_वारकरी

हाहाहा. हे माहिती नव्हतं. मग तर तो आपलाच. सहा अधिक एक सात.

पण ताई, जर्मनीची दुसरी लीग आणि ही लीग यात फरक आहे. इथे मंगळवार-शनिवार-मंगळवार खेळायचं, पावसात, अंगावर येणाऱ्या लोकांसमोर. तनाका सडपातळ आहे.

राइट_हाफस्पेस

काका, तुमचा तो स्ट्रॅकन किती उंच होता?

एलँडरोडचा_वारकरी

...मुद्दा मान्य.

चहाटळ_विंगर

वारकरी काकांना गप्प करणारी पहिली पोस्ट, दंडवत घ्या.

मला अजून एक विचारायचंय, मालकांबद्दल. ४९र्सवाल्यांनी (अमेरिकन फुटबॉलच्या सॅन फ्रान्सिस्को ४९र्स टीमच्या कंपनीनं) २०२३ ला पूर्ण क्लब घेतला, अध्यक्ष पराग मराठे, आडनाव ऐकून आपण सगळे उगाच खूश झालो होतो. मग यंदा मे मध्ये रेड बुलनं थोडा हिस्सा घेतला आणि शर्टवर पण आले. इतके पैसेवाले मागे असताना आपण विकतोय आणि लोन घेतोय, हे मला अजूनही पटत नाही. तात्या नियम सांगतील, पण नियम सगळ्यांनाच आहेत ना?

ताळेबंद_तात्या

मालकाकडे किती पैसा आहे याला या नियमात किंमत नाही, हेच तर लोकांना कळत नाही. मालकानं शंभर मिलियन ओतले तरी तोटा तो तोटाच, मर्यादा तीच. स्पॉन्सरशिपचे पैसे मात्र कमाईत धरतात, म्हणून शर्टवरचं नाव महत्त्वाचं. रेड बुल आल्यानं नेमका तिथेच फायदा.

आणि उधारीवर उड्या मारून काय होतं ते या क्लबइतकं कुणी भोगलेलं नाही. २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमी खेळलो, पुढच्या वर्षीच्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, पुढच्या वर्षी पात्रच ठरलो नाही. फर्डिनंड विकला, मग एकेक करत सगळे. २००४ ला खाली, स्टेडियमसुद्धा विकावं लागलं, ते २०१७ मध्ये परत घेतलं. २००७ ला अजून एक पायरी खाली आणि वर १५ पॉइंट कापले. त्यामुळे मला विचारशील तर कंजूष बोर्ड मला परवडतं.

एलँडरोडचा_वारकरी

यावर मात्र तात्यांशी शंभर टक्के सहमत, लिहून ठेवा, परत होणार नाही. तो १५ पॉइंटचा सीझन ज्यांनी बघितलाय ते कधीच खर्च करा म्हणून ओरडणार नाहीत.

रेड बुलचं मात्र मला पटलेलं नाही. त्यांनी ऑस्ट्रियातला साल्झबर्ग क्लब घेतला तेव्हा त्याचा जांभळा रंग आणि नाव दोन्ही गेलं होतं. आज हिस्सा थोडा आहे, उद्या जास्त झाला तर? पांढरा शर्ट आणि नाव याला हात लावला त्या दिवशी मी बाहेर.

नवीन_पांढरा

सगळ्यांना धन्यवाद, बरंच कळलं. म्हणजे थोडक्यात यंदा नाही गेलो तर पुढच्या वर्षी पॅराशूट पण कमी, मर्यादा पण कमी, म्हणजे परत विकाविकी?

ताळेबंद_तात्या

बरोबर. ४५ चे २० टक्के होतील आणि ६१ चे ३९. यंदा नाही तर पुढच्या उन्हाळ्यात न्योंटो, अँपाडू, रोडन यांच्यापैकी कुणीतरी जाणारच. न्योंटोनं आत्ताच नवीन करार केलाय त्यावर उड्या मारू नका, करार म्हणजे विकताना चांगली किंमत मिळायची सोय.

सेकंडबॉल

तात्या तुम्ही सुखानं झोपू देणार नाही कुणाला.

माझं प्रेडिक्शन लिहितो आणि जातो: ९१ पॉइंट, दुसरा नंबर, गोलफरकावर. अट एकच, अँपाडू किंवा ग्रुएव्ह यांच्यापैकी कुणी लांबचा जखमी होता कामा नये, कारण मिडफिल्डला चारच माणसं आहेत आणि ४६ मॅच आहेत. जानेवारीपर्यंत तिथे अजून एक सीनियर माणूस फ्रीमध्ये मिळाला तर घ्यायलाच पाहिजे.

बर्नलीसाठी माझी टीम: मेस्लिए (सॉरी), बोगल, रोडन, स्ट्राइक, फिर्पो, अँपाडू, ग्रुएव्ह, न्योंटो, आरनसन, सोलोमन, जोसेफ. पिरो सत्तराव्या मिनिटाला.

राइट_हाफस्पेस

तनाका बेंचवर?? मी इतकं लिहिलं ते कशासाठी मग.

सेकंडबॉल

अगं नुकताच आलाय, जपानच्या मॅच खेळून परत येणार, विमानातून उतरून डायरेक्ट बर्नलीसमोर कसा उतरवायचा. ऑक्टोबरमध्ये बघ, ग्रुएव्हची जागा घेतो का नाही ते.

मेस्लिए_नको

डार्लो.

एलँडरोडचा_वारकरी

मॅचच्या दिवशी नवीन धागा विंगरनंच काढावा. वेन्सडेची मॅच आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेबाराला सुरू झाली तेव्हा त्यानं काढला होता आणि आपण जिंकलो. माझी श्रद्धा नाही असल्या गोष्टींवर, पण उगाच कशाला बदला.